रिव्हेटच्या होडीत पाणी कुठून येतं?

वाचक विचारतात

कृष्णाकाठच्या गावांतून आणि कोयनेच्या जलाशयावरून ॲल्युमिनियमच्या रिव्हेट मारलेल्या होड्यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीकडे पुरासाठी घेतलेली १४ फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे. २०२१ च्या पुरानंतर ती समाजमंदिरामागे नुसती पडून होती. परवा नदीत घातली तर तासाभरात घोट्याएवढं पाणी झालं. पाणी मधल्या फळीखाली साचतं, पण तिथले सगळे रिव्हेट धड दिसतात. गळती शोधायची कशी? — एक वाचक, भिलवडी

उत्तर: पाणी साचतं तिथूनच ते शिरत असेल असं धरून चालू नका. तळाला आतून आडव्या बरगड्या असतात आणि मधोमध कण्याची खाच. नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, एखाद्या ढिल्या रिव्हेटमधून आलेलं पाणी बरगडीच्या कडेने कण्यापर्यंत येतं, खाचेतून मागे वाहतं आणि होडी जिथे सर्वांत खोल बसते तिथे थांबतं. आतून बघत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही. उलट करा: होडी जमिनीवर घ्या, आत पाणी भरा आणि बाहेरून बघा.

त्याआधी तासाभराचं काम आहे. तळाची फळकुटं, दोऱ्या, चटया बाहेर काढा. आतला गाळ धुऊन टाका, कारण पुराचा चिकट गाळ बारीक फटी बुजवतो आणि चाचणीत गळती लपते. बाहेरचा तळही घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग टाल्कम पावडर फडक्याने पुसून सगळ्या रिव्हेटांवर आणि पत्र्याच्या जोडांवर लावा, किंवा खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने फासा. स्पिरिट उडालं की पांढरा थर उरतो आणि पाण्याचा एक थेंब फुटला तरी त्यावर गडद डाग उमटतो. घरात आहे म्हणून चुना मात्र लावू नका. ओला चुना ॲल्युमिनियम खातो.

होडी कशावर ठेवता याला फार महत्त्व आहे. १४ फुटी होडीच्या तळात १० सेंटीमीटर पाणी भरलं तर ते साधारण ४०० लिटर होतं, म्हणजे ४०० किलो. रिकाम्या होडीच्या वजनाच्या कितीतरी पट. नदीत भार आला तरी सगळ्या तळाला बाहेरून पाण्याचाच आधार असतो. जमिनीवर दोनच ओंडके दिलेत तर तळ मधे झोळ खाईल आणि धड असलेले रिव्हेटही ढिले होतील. म्हणून कण्याखाली निदान चार ठिकाणी लाकडी वासे द्या, ते बरगड्यांच्या बरोबर खाली येतील असे, आणि दोन्ही बाजूंना जुने टायर. उंची गुडघ्याएवढी पुरे. बाजूला बसून, आरसा आणि बॅटरी घेऊन बघायचं. भरलेल्या होडीखाली कोणीही आडवं व्हायचं नाही.

पाणी टप्प्याटप्प्याने भरा. आधी ५ सेंटीमीटर, त्यात कपडे धुवायच्या निळीचे चार थेंब, म्हणजे पांढऱ्या थरावर डाग उठून दिसेल. वीस मिनिटं थांबा. जो डाग सर्वांत आधी आणि सर्वांत वर उठतो ते गळतीचं तोंड. त्याच्या खाली जे ओघळ दिसतात ते फक्त वाहून आलेलं पाणी. डागाभोवती मार्करने गोल करा, पुसा, पुन्हा पावडर लावा, पुन्हा बघा. दुसऱ्यांदा तिथेच उमटला तर खरा. मग पाणी १० सेंटीमीटरपर्यंत न्या आणि अर्धा तास द्या. त्यापुढे भरण्यात अर्थ नाही, कारण माणसं बसल्यावर असली होडी साधारण तेवढीच, फार तर थोडी जास्त बुडते.

काही रिव्हेट होडी स्थिर असताना गळतच नाहीत. तळ लवला की गळतात. त्यासाठी पाणी भरलेलं असतानाच एकाने आत उतरून बरगड्यांवर हळूहळू पाय टाकत जावं आणि दुसऱ्याने बाजूने बघत राहावं. जिथे पाऊल पडताच थेंब सुटतो तिथे खूण करा. पाणी सोडायचं बूच आणि त्याची चकती बघायला विसरू नका. बऱ्याच होड्यांत सगळा गोंधळ तिथेच असतो, आणि लोक मात्र रिव्हेट ठोकत बसतात.

एक मर्यादा लक्षात असू द्या. आतलं पाणी पत्र्याला बाहेर ढकलतं, नदीचं पाणी आत. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांचा जोड एका दिशेच्या दाबाने मिटतो आणि दुसऱ्या दिशेच्या दाबाने उघडतो, असं होऊ शकतं. त्यामुळे दुरुस्तीनंतरची शेवटची परीक्षा नदीतच घ्यायची.

प्रश्न: आमचं ट्रॉल्या आणि टेम्पोच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. होडीचे गळके रिव्हेट ड्रिल करून काढले आणि पॉप रिव्हेट मारले. पंधरा दिवसांत त्याच जागा पुन्हा गळू लागल्या. कुठे चुकलं? — एक कारागीर, वाळवा तालुका

उत्तर: साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो. मारताना त्याच्या पोटातला खिळा ओढून तोडतात; त्याचा तुकडा आत राहतो आणि त्याच्या कडेने पाणी सरळ वर येतं. शिवाय तो तुकडा बहुधा लोखंडी असतो. तो गंजतो, निखळतो आणि मग तिथे सरळ भोकच उरतं. बॉडीच्या पत्र्याला हे चालून जातं, कारण तिथे पाणी वरून पडून निघून जातं. पाण्याखालच्या तळाला नाही चालत.

दुसरी गोष्ट, गळणारा प्रत्येक रिव्हेट काढायची गरज नसते. आधी तपासा. बाहेरून डोक्यावर अंगठा टेकवा आणि आतून कोणाला तरी हातोडीच्या दांड्याने हलकेच टकटक करायला सांगा. धक्का अंगठ्याला जाणवला तर रिव्हेट ढिला आहे. डोक्याभोवती रंगाला गोल तडा गेलेला असतो, किंवा डोक्यापासून मागे करड्या-काळ्या पुडीचा फराटा दिसतो. रिव्हेट भोकात हलून ॲल्युमिनियम घासलं जातं, त्याची ती पूड.

ढिला आहे पण भोक गोल आहे आणि डोकं झिजलेलं नाही, तर तो पुन्हा ठोकून घट्ट होतो. दोन माणसं लागतात. बाहेरच्या माणसाने डोक्यावर अडीच-तीन किलोची पोलादी डॉली, म्हणजे टेकूचा ठोकळा, दाबून धरायची. तिला डोक्याच्या आकाराची उथळ वाटी कोरलेली असावी, नाहीतर डोकं चपटं होईल. आतल्या माणसाने अर्धा किलोच्या गोल तोंडाच्या हातोडीने शेपटीवर, म्हणजे रिव्हेटच्या आतल्या टोकावर, दोन किंवा तीन दणके द्यायचे, सरळ आणि जोरदार. पंचवीस हलके टोले मारण्याने शेपटी वरून कडक होऊन चिरते आणि आत दांडा मात्र फुगत नाही. आणि भोक बंद करतो तो फुगलेला दांडाच. डॉली जड हवी, कारण हलकी असली तर टोल्याबरोबर उडते आणि सगळा मार पत्र्याला बसतो. रिव्हेटभोवतीचा पत्रा आत दबायला लागला तर थांबा. गळक्या रिव्हेटच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन रिव्हेटही याच हाताने घट्ट करून घ्या. एक ढिला झाला की त्याच्या वाटचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि पुढच्या हंगामात तेच गळतात.

भोक लांबट झालं असेल किंवा डोकं अर्धं झिजलं असेल तर मात्र बदलाच. डोक्यावर बरोबर मध्ये पंच मारा, दांड्यापेक्षा किंचित बारीक बिटने फक्त डोक्याएवढंच ड्रिल करा, छिन्नीने डोकं उडवा आणि दांडा पंचने आत ढकला. आरपार ड्रिल केलं तर रिव्हेट बिटबरोबर गरगर फिरतो आणि भोक मोठं करून ठेवतो.

नवा रिव्हेट भरीव, ५०५६ किंवा ५०५२ मिश्रधातूचा घ्या. भांड्यांच्या कड्यांना मारतात ते मऊ ॲल्युमिनियमचे रिव्हेट स्वस्त पडतात, पण तळाच्या लवचिकपणापुढे टिकत नाहीत. तांब्याचे आणि लोखंडी तर विचारातही घेऊ नका. लांबीचा हिशेब असा: जोडायच्या थरांची एकूण जाडी, अधिक व्यासाच्या दीडपट. १.६ मिमीचे दोन पत्रे आणि २ मिमीची बरगडी मिळून ५.२ मिमी, रिव्हेट ४.८ मिमीचा, म्हणजे वर ७.२. एकूण १२.४. बाजारात १४ मिमी मिळाला तर तो कापून साडेबारा करा. तसाच मारलात तर शेपटी वाकडी होऊन कलते. भोक ४.९ मिमी. ठोकून झाल्यावर शेपटी साधारण ७ मिमी रुंद आणि २.४ मिमी उंच दिसली पाहिजे. भोक फाटलं असेल तर ६.४ मिमीचा रिव्हेट चालेल, मात्र पत्र्याच्या काठापासून भोकाचा मध्य निदान १३ मिमी आत हवा, नाहीतर काठ चिरेल.

मारण्याआधी दांड्याला आणि डोक्याखाली पॉलियुरेथेन सीलंट लावा. बसच्या काचा आणि बॉडीचे जोड भरायला वापरतात ते पीयू सीलंट तुमच्याकडे असेलच. रिव्हेट ओल्या सीलंटमध्येच ठोकायचा, बाहेर आलेलं पुसून घ्यायचं.

आतून हातच जात नाही अशा जागी, उदाहरणार्थ फळीच्या पेटीखाली, बंद तोंडाचा पॉप रिव्हेट वापरा. त्याची शेपटीकडची बाजू टोपीसारखी बंद असते. खिळा ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा बघून घ्या. तरीही आमचं मत विचाराल तर फळी सोडवून भरीव रिव्हेट मारणं बरं. फळीचे रिव्हेट परत मारायला अर्धा दिवस जातो, पण तळाच्या कामाची चिंता राहत नाही. फळी सोडवलीच तर आतला फोम हातात घेऊन बघा. जड लागला तर त्याने पाणी प्यायलंय. तो बदला, नुसता काढून टाकू नका, कारण होडी उलटली किंवा भरली तर तिला तरंगत ठेवतो तो फोमच. थर्माकोल भरू नका. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

प्रश्न: आतून सगळ्या जोडांना सिलिकॉन मारलं, वर एम-सील भरलं. तरी पाणी येतंच आहे. आता डांबर लावावं का? — एक मच्छीमार, हरिपूर

उत्तर: डांबर नको. आधी मारलेलं काढायला लागणार आहे, त्यात आणखी भर घालू नका.

व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. ते ॲल्युमिनियमला बाधतं, आणि सिलिकॉनच्या पातळ थरावर पुढे ना सीलंट चिकटत ना रंग. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी दगडासारखी कडक होते. तळ दर लाटेला लवतो, पुट्टी लवत नाही. काठाने केसाएवढी फट पडते आणि पाणी तिच्याखाली शिरतं. नदीत अडकलात तर वेळ मारून न्यायला पुट्टी उत्तम. कायमची दुरुस्ती म्हणून नाही. आणि मुख्य म्हणजे तुमचे रिव्हेट ढिलेच राहिलेत. हलणाऱ्या जोडावर कुठलंही सीलंट फार दिवस तग धरत नाही.

सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं नायलॉनच्या खरबरीत घासणीने घासा. मग स्टेनलेसच्या तारेचा ब्रश. साधा लोखंडी तारेचा ब्रश वापरलात तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे त्याच ठिकाणी खड्डे पडतात. ॲसिटोनने पुसा, फडकं दर वेळी नवं. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढू लागतो, म्हणून घासणं आणि सीलंट लावणं एकाच दिवशी उरका.

रिव्हेट घट्ट करून झाल्यावर जोडांवर पीयू सीलंटची ६ मिमी जाड रेघ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबून बसवा. ३०० मिलिलिटरच्या नळीत अशी साधारण १० मीटर रेघ होते. भर उन्हात पत्रा तापलेला असताना लावू नका, संध्याकाळी लावा: पत्रा निवत असताना फटीतली हवा आकसते आणि सीलंट आत ओढलं जातं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं, त्यामुळे दमट हवा चालते, पण पत्रा कोरडा हवा. वरून दुसऱ्या दिवशी सुकल्यासारखं वाटेल; होडी पाण्यात घालायला आठवडा जाऊ द्या.

प्रश्न: लाकडी नाव आम्ही दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवतो, मग गळायची थांबते. ॲल्युमिनियमलाही असं करून चालेल का? नाहीतर सरळ वेल्डिंग करून घ्यावं? — एक वाचक, म्हैसाळ

उत्तर: लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फळ्यांमधल्या फटी मिटतात. पत्रा फुगत नाही. बुडवून ठेवल्याने फोम तेवढा भिजेल.

वेल्डिंगचं म्हणाल, तर रिव्हेटच्या जोडावर नको. जोडाच्या आत जुनं सीलंट, तेल, गाळ असतो. ते जळून वेल्डमध्ये बारीक बुडबुडे राहतात. उष्णतेने आसपासचा पत्रा मऊ पडतो आणि शेजारचे रिव्हेट ढिले होतात. पत्र्याला तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही. वर त्याच जाडीचा ५०५२-एच३२ पत्रा ठिगळ म्हणून बसवा: तड्याच्या सगळ्या बाजूंनी निदान २५ मिमी पुढे, कोपरे गोल, खाली सीलंटचा थर, आणि कडेने दर २०-२५ मिमीवर रिव्हेट. दुकानदार बऱ्याचदा मऊ ११०० चा पत्रा पुढे करतो. ग्रेड विचारूनच घ्या.

प्रश्न: आमची होडी धक्क्याला बांधून ठेवली की थेंबभर पाणी येत नाही. इंजिन लावून निघालं की पाणी येतं. — एक नावाडी, तापोळा

उत्तर: इंजिन सुरू झालं की मागचा भाग खाली बसतो. धक्क्याला असताना पाण्याच्या वर राहणारे रिव्हेट आणि बोल्ट तेव्हा पाण्याखाली जातात. त्यामुळे तळ सोडून आधी मागच्या पाटीकडे, म्हणजे इंजिन बसवतात त्या मागच्या उभ्या भागाकडे, बघा: इंजिनच्या बोल्टांची भोकं, पाटी आणि कडेचा पत्रा जिथे मिळतात ते दोन कोपरे, बुचाची चकती. होडीचा फक्त मागचा भाग वर सांगितल्याप्रमाणे पाण्याने भरा, नाळ थोडी उंच ठेवा, आणि इंजिनचं डोकं धरून कोणाला तरी मागे-पुढे हलवायला सांगा. प्रवासात इंजिन पाटीला जसा पीळ देतं तसाच हा पीळ. कोपऱ्यात थेंब सुटला तर तिथल्या आधारपट्टीचे रिव्हेट गेले असं समजा.

पाटीतलं प्लायवूड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय आणि बोल्ट कितीही आवळले तरी ढिलेच होणार. नवं प्लायवूड बसवताना सगळ्या कडा आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने बंद करा. तांबंयुक्त औषध पाजलेलं लाकूड मात्र वापरू नका. ते ओलं झालं की टेकलेला पत्रा खातं.

शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठाचे दगड आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. होडी भरलेली असताना मुरमावर ओढून लावण्याची सवय असेल तर कण्याचे पुढचे रिव्हेट दर वर्षी तपासावे लागतील. प्रवासी नेत असाल तर तळाची मोठी दुरुस्ती सर्वेक्षकाला दाखवल्याशिवाय फेऱ्या सुरू करू नका.

प्रश्न: शेततळ्यातली होडी तीन वर्षांची आहे. तळाला आतून पांढरी पूड आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. रिव्हेट सगळे घट्ट आहेत. — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर: होडीत बोर्डो मिश्रणाचे ड्रम किंवा फवारणीचा पंप ठेवता का, ते आधी बघा. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि त्या प्रत्येक कणाभोवती पत्रा खचत जातो. बोर्डोतला चुनाही पत्र्याला मारकच. खतांची पोती, सिमेंटचा चुरा, जाळ्याची शिशाची वजनं ओल्या तळात पडून राहिली तरी हेच होतं.

होडी रात्री उपडी करून आत प्रखर एलईडी दिवा ठेवा. आरपार भोकं ताऱ्यांसारखी दिसतील. एक-दोन असतील तर प्रत्येकाला बिटने गोल करून सीलंटसकट बंद तोंडाचा रिव्हेट. हाताच्या तळव्याएवढ्या जागेत दहा-बारा असतील तर ठिगळ. पांढरी पूड स्टेनलेस ब्रशने काढून, भरपूर पाण्याने धुऊन, ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्यावर पकड घेणारा पहिला थर, लावा आणि मग रंग. शेंदरी रंगाचा शिशाचा प्रायमर किंवा तांबंयुक्त तळरंग इथे चालत नाही.

प्रश्न: अगदी थेंबभरही गळू नये असं होतं का? पुराच्या कामाला होडी योग्य आहे हे कसं ठरवायचं? — एक ग्रामपंचायत सदस्य, पलूस तालुका

उत्तर: रिव्हेटच्या जुन्या होडीत थोडा पाझर राहतो. वाटीने मोजा. होडी पूर्ण कोरडी करून, भार ठेवून, संथ पाण्यात एक तास बांधा आणि आत आलेलं पाणी स्पंजने टिपून मापा. मासेमारीच्या होडीत तासाला दोन लिटरपर्यंत आम्ही चालवून घेऊ. बचावाच्या होडीत अर्धा लिटरच्या वर नाही, कारण तिथे भार बदलत राहतो, माणसं घाबरून एका बाजूला सरकतात आणि पाणी उपसायला हात मोकळे नसतात.

भार म्हणजे माणशी ७५ किलो धरा. सहा जणांच्या होडीला ४५० किलो, म्हणजे वाळूची ५० किलोची नऊ पोती. धान्याची रिकामी पोती वापरा, सिमेंटची नको. चाचणी कमरेएवढ्या पाण्यात घ्या. तास झाल्यावर पोती एका बाजूला थोडी सरकवा आणि आणखी वीस मिनिटं बघा, कारण कडेच्या जोडांचे रिव्हेट एरवी पाण्याला लागतच नाहीत.

हे सगळं मे महिन्यात उरका. सीलंटला आठवडा लागतो, पुन्हा गळालं तर दुसरा आठवडा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागल्यावर दुरुस्तीला वेळ नसतो. नंतर होडी सावलीत, उपडी, दोन ओंडक्यांवर ठेवा. बूच काढून ठेवायची पद्धत असेल तर ते होडीलाच दोरीने बांधा, आणि त्याच मापाचं दुसरं बूच फळीखाली ठेवा.